एकाकी आसनाचे सामर्थ्य आणि मर्यादा : हेलन सुझमन यांच्या संसदीय कारकिर्दीची चिकित्सा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानवी हक्कांच्या चळवळीचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने जनआंदोलने, तुरुंगवास भोगलेले नेते आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांच्याकडे जाते. कायदेमंडळात बसून, त्याच कायदेमंडळाने केलेल्या अन्यायकारक कायद्यांशी झुंज देणाऱ्या लोकप्रतिनिधींचा विचार त्यामानाने कमी झाला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत १९५३ ते १९८९ अशी सलग ३६ वर्षे काम केलेल्या हेलन सुझमन हे अशा लोकप्रतिनिधीचे ठळक उदाहरण होय. त्यांपैकी १३ वर्षे त्या आपल्या पक्षाच्या एकमेव खासदार होत्या.

सुझमन यांच्याविषयीचे लेखन बहुधा दोन टोकांना विभागलेले आढळते. एका बाजूला गौरवपर चरित्रलेखन आहे. दुसऱ्या बाजूला त्यांना गौरवर्णीय उदारमतवादाची सोयीस्कर प्रतिमा मानणारी टीका आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिका बाजूला ठेवून एका मूलभूत प्रश्नाच्या आधारे त्यांच्या कारकिर्दीचे परीक्षण केले आहे. ज्या संसदेत बहुसंख्य जनतेला मताचा अधिकारच नाही, त्या संसदेत राहून मानवी हक्कांचे रक्षण करता येते काय, आणि तसे करताना त्या संसदेला अनाहूतपणे प्रतिष्ठा मिळवून दिली जाते काय, हा तो प्रश्न होय.

जडणघडण

हेलन सुझमन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९१७ रोजी जोहान्सबर्गजवळील जर्मिस्टन या खाणगावात झाला. त्यांचे आईवडील लिथुएनियातून आलेले ज्यू स्थलांतरित होते. विटवॉटर्सरँड विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी तेथेच आर्थिक इतिहासाचे अध्यापन केले. दुसऱ्या महायुद्धानंतर तत्कालीन सरकारने शहरी आफ्रिकी कामगारांच्या कायद्यांची चौकशी करण्यासाठी फॅगन आयोग नेमला. या आयोगासमोर मांडावयाच्या साक्षीच्या निमित्ताने वंशसंबंध संस्थेच्या कामात सुझमन यांनी भाग घेतला. स्थलांतरित मजुरांची पद्धत, पास कायदे आणि त्यांमुळे विस्कटणारी कुटुंबे यांचा जो अभ्यास त्यांना करावा लागला, त्यातूनच त्यांच्या राजकारणाचा पाया घातला गेला.

ही गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. सुझमन राजकारणात आल्या त्या एखाद्या तत्त्वप्रणालीच्या मार्गाने आल्या नाहीत, तर आकडेवारी, अहवाल आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या मार्गाने आल्या. फॅगन आयोगाने १९४८ साली शहरांतील आफ्रिकी लोकसंख्या ही कायमची आहे असे वास्तव मान्य केले. परंतु त्याच वर्षी नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि आयोगाचे निष्कर्ष मागे पडले. अभ्यासाने सिद्ध झालेले सत्य सत्तेने नाकारण्याचा हा अनुभव सुझमन यांच्या पुढील कार्यपद्धतीची दिशा ठरवणारा होता.

पक्षत्याग आणि एकाकी तेरा वर्षे

१९५३ साली त्या युनायटेड पार्टीच्या वतीने जोहान्सबर्गमधील हाऊटन मतदारसंघातून निवडून आल्या. युनायटेड पार्टी हा प्रमुख विरोधी पक्ष होता. परंतु वर्णभेदाच्या प्रश्नावर त्याची भूमिका सतत डळमळीत राहिली. १९५९ साली सुझमन यांच्यासह पुरोगामी विचारांच्या खासदारांचा एक गट पक्षातून बाहेर पडला आणि यान स्टाइटलर यांच्या नेतृत्वाखाली प्रोग्रेसिव्ह पार्टीची स्थापना झाली. १९६१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत या पक्षाचे एक सोडून सर्व उमेदवार पराभूत झाले. हाऊटनमध्ये सुझमन केवळ ५६४ मतांच्या आधिक्याने विजयी झाल्या. १९६६ मध्ये हे आधिक्य ७११ इतकेच होते. १९७४ पर्यंत त्या सभागृहात आपल्या पक्षाच्या एकट्याच सदस्य राहिल्या.

हा काळ कोणता होता, हेही पाहिले पाहिजे. मार्च १९६० मध्ये शार्पविल येथे पास कायद्यांविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. अधिकृत आकडेवारीनुसार त्यात ६९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस यांच्यावर बंदी आली. त्याच वर्षी आफ्रिकी जनतेचे संसदेतील अप्रत्यक्ष प्रतिनिधित्वही, जे मूठभर गौरवर्णीय सदस्यांमार्फत होत असे, संपुष्टात आले. म्हणजे देशातील बहुसंख्य जनतेची सर्व दारे बंद झाली, नेमक्या त्याच वेळी संसदेत तिच्या बाजूने सातत्याने बोलणारी एकच व्यक्ती उरली.

१९६३ साली न्यायमंत्री फॉर्स्टर यांनी विनाचौकशी ९० दिवस स्थानबद्ध ठेवण्याचा अधिकार पोलिसांना देणारा कायदा आणला. युनायटेड पार्टीने त्याला पाठिंबा दिला. विरोधात मत देणाऱ्या सुझमन एकट्या होत्या. याच कायद्यातील एका कलमाने पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचे नेते रॉबर्ट सोबुक्वे यांना शिक्षा भोगून झाल्यावरही तुरुंगात ठेवण्याची सोय करण्यात आली. पुढे १९६५ मध्ये हा कालावधी १८० दिवसांचा झाला आणि १९६७ च्या दहशतवादविरोधी कायद्याने स्थानबद्धतेला कालमर्यादाच उरली नाही. या कायद्याविरुद्धही सुझमन यांचेच एकमेव मत पडले. ९० दिवसांची सवलत म्हणून जे स्वीकारले गेले, ते चार वर्षांत अमर्याद झाले. प्रमुख विरोधी पक्षाची 'जबाबदार' तडजोड किती महाग पडली आणि एकाकी विरोधाची दृष्टी किती अचूक होती, हे या क्रमावरून स्पष्ट होते.

या काळात त्यांना सभागृहात सतत हेटाळणी सोसावी लागली. त्यांच्या ज्यू असण्यावरून, स्त्री असण्यावरून शेरे मारले जात. ६ सप्टेंबर १९६६ रोजी पंतप्रधान फेरवूर्ट यांची सभागृहातच हत्या झाली, तेव्हा पी. डब्ल्यू. बोथा यांनी त्या कृत्याचा दोष तेथेच सुझमन यांच्या माथी मारला; नंतर त्यांना त्याबद्दल क्षमा मागावी लागली.

प्रश्न : एक राजकीय साधन

एका मताने कोणताही कायदा अडवता येत नाही. तेव्हा एकट्या खासदाराच्या हाती काय उरते? सुझमन यांनी या प्रश्नाचे उत्तर संसदीय प्रश्नांत शोधले. प्रत्येक अधिवेशनात त्या मंत्र्यांना मोठ्या संख्येने प्रश्न विचारीत. पास कायद्यांखाली किती जणांना अटक झाली, किती जण स्थानबद्ध आहेत, कोठडीत किती जणांचा मृत्यू झाला, किती जणांना फाशी दिली गेली, किती कुटुंबांना घरे सोडावी लागली, असे त्या प्रश्नांचे स्वरूप असे. त्यांत वक्तृत्व नव्हते. संख्या मागितलेली असे. अशा प्रश्नांमुळे परदेशात देशाची मान खाली जाते असा आक्षेप एका मंत्र्याने घेतला असता, देशाची मान आपल्या प्रश्नांनी नव्हे तर मंत्र्यांच्या उत्तरांनी खाली जाते, अशा आशयाचे प्रत्युत्तर त्यांनी दिले.

या पद्धतीचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन माहितीव्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. बंदी घातलेल्या व्यक्तीचे शब्द छापणे हा गुन्हा होता. १९५९ च्या तुरुंग कायद्यामुळे तुरुंगांतील परिस्थितीवर लिहिणे वृत्तपत्रांना धोक्याचे झाले होते. मात्र संसदेत जे बोलले गेले ते कामकाजाच्या इतिवृत्तात नोंदले जाई आणि वृत्तपत्रांना ते छापता येई. सुझमन यांनी संसदीय विशेषाधिकाराचा उपयोग एखाद्या खिडकीसारखा केला. सरकारने जी माहिती दडपली, ती सरकारच्याच मुखातून वदवून घेतली. वर्णभेदाच्या काळातील अटका, स्थानबद्धता आणि विस्थापन यांच्या पुढील अभ्यासाला या उत्तरांचा मोठा आधार मिळाला.

सभागृहातील प्रश्नांना सभागृहाबाहेरील पाहणीची जोड होती. त्या वसाहतींत, पुनर्वसनाच्या छावण्यांत, तुरुंगांत स्वतः जात. १९६७ साली त्यांनी रॉबेन बेटावरील तुरुंगाला भेट दिली आणि नेल्सन मंडेला यांच्याशी त्या बोलल्या. मंडेला यांनी कैद्यांची गाऱ्हाणी मांडताना, हातावर स्वस्तिकाचे नाझी चिन्ह गोंदवलेल्या एका क्रूर पहारेकऱ्याकडे त्यांचे लक्ष वेधले. हा विषय संसदेत जाईल हे दिसताच लवकरच त्या पहारेकऱ्याची बदली झाली. एका पहारेकऱ्याच्या बदलीने वर्णभेदाची व्यवस्था तसूभरही हलली नाही. परंतु त्या कोठड्यांतील माणसांचे रोजचे जगणे काहीसे सुसह्य झाले. मानवी हक्कांच्या कार्याचे यश मोजताना या दोन पातळ्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

प्रमुख आक्षेप

सुझमन यांच्या कारकिर्दीवर तीन गंभीर आक्षेप घेता येतात. त्यांची उत्तरे त्यांच्या धैर्याच्या कथनाने मिळत नाहीत.

पहिला आक्षेप मताधिकाराविषयीचा आहे. प्रोग्रेसिव्ह पार्टीने स्थापनेपासून वंशभेदविरहित मताधिकाराचा पुरस्कार केला, पण तो सर्वांसाठी नव्हता. शिक्षण, उत्पन्न वा मालमत्ता यांची अट त्यास जोडलेली होती. ज्या राज्यव्यवस्थेने आफ्रिकी जनतेला शिक्षण आणि मालमत्ता यांपासून पद्धतशीरपणे दूर ठेवले, त्याच राज्यात शिक्षण आणि मालमत्ता यांच्या आधारे मताचा अधिकार देणे म्हणजे अन्यायाच्या परिणामालाच पात्रतेचा निकष बनवणे होय. ही अट १९७८ मध्ये, म्हणजे सोवेटोच्या उठावानंतर दोन वर्षांनी, पक्षाने सोडून दिली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने १९५५ च्या फ्रीडम चार्टरमध्ये सार्वत्रिक मताधिकाराची मागणी केली होती. या प्रश्नावर सुझमन यांचा पक्ष काळाच्या दोन दशके मागे होता.

दुसरा आक्षेप १९६८ च्या कायद्याशी संबंधित आहे. या कायद्याने भिन्न वंशांच्या व्यक्तींनी एका राजकीय पक्षात एकत्र येण्यास मनाई केली. ॲलन पेटन यांच्या लिबरल पार्टीने वंशावर आधारित सदस्यत्व स्वीकारण्याऐवजी पक्षच विसर्जित केला. प्रोग्रेसिव्ह पार्टीने निषेध नोंदवून कायदा पाळला आणि केवळ गौरवर्णीयांचा पक्ष म्हणून काम चालू ठेवले. लिबरल पार्टीच्या निर्णयात नैतिक सुसंगती होती, हे मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर हेही नोंदवले पाहिजे की प्रोग्रेसिव्ह पार्टीनेही तोच मार्ग पत्करला असता, तर पुढची सहा वर्षे स्थानबद्धांविषयी प्रश्न विचारणारे ते एकमेव आसनही रिकामे झाले असते. येथे तत्त्व आणि उपयुक्तता यांत खरा संघर्ष आहे.

तिसरा आक्षेप आर्थिक निर्बंधांविषयी आहे. सुझमन यांनी दक्षिण आफ्रिकेवरील निर्बंधांना आणि भांडवल काढून घेण्याच्या मोहिमेला ठाम विरोध केला. निर्बंधांचा पहिला आघात आफ्रिकी कामगारांच्या रोजगारावर होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु ज्यांच्या रोजगाराची चिंता व्यक्त केली जात होती, त्यांच्यातील अनेक संघटना आणि आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्यासारखे नेते निर्बंधांची मागणी करीत होते. या युक्तिवादाकडे पाहताना हाऊटन हा सुखवस्तू मतदारसंघ होता आणि उद्योगपती हॅरी ओपनहायमर हे पक्षाचे प्रमुख आधारस्तंभ होते, हे विसरता येत नाही. सुझमन यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि, माणसाला जे दिसते ते बहुतेक वेळा त्याच्या उभे राहण्याच्या जागेवरून दिसते, हे त्यांच्याही बाबतीत खरे ठरते.

सहभाग की बहिष्कार?

या तिन्ही आक्षेपांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो सुझमन यांच्याच पक्षात १९८६ मध्ये उघडपणे उभा राहिला. १९७४ मध्ये पक्षाचे आणखी सदस्य निवडून आले आणि १९७७ मध्ये प्रोग्रेसिव्ह फेडरल पार्टी या नव्या नावाने तो प्रमुख विरोधी पक्ष झाला. १९७९ पासून पक्षाचे नेते असलेले फ्रेडरिक व्हॅन झाइल स्लॅबर्ट यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला. आफ्रिकी बहुसंख्याकांना वगळणाऱ्या त्रिसदनी संसदेत बसून काहीही साध्य होणार नाही, खरे राजकारण आता संसदेबाहेर चालले आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. सुझमन यांना हा निर्णय मुळीच पटला नाही. त्या १९८९ पर्यंत सभागृहात राहिल्या.

इतिहासाने या वादाचा निकाल कोणाच्या बाजूने दिला? वर्णभेदाचा अंत संसदेतील भाषणांनी झाला नाही. वसाहतींतील उठाव, कामगार संघटना, आंतरराष्ट्रीय दबाव आणि बंदी घातलेल्या संघटनांशी झालेल्या वाटाघाटी यांतून तो झाला. १९८७ मध्ये स्लॅबर्ट यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या निर्वासित नेत्यांशी डाकार येथे जी चर्चा घडवून आणली, ती या प्रक्रियेतील एक पायरी होती. या अर्थाने स्लॅबर्ट यांचे निदान बरोबर होते. परंतु त्याच १९८६ साली देशभर आणीबाणी लागू झाली, हजारो माणसे स्थानबद्ध झाली आणि वृत्तपत्रांवर कठोर निर्बंध आले. अशा वेळी संसदेत प्रश्न विचारणारा आवाज निरुपयोगी ठरला होता, असे म्हणणेही धाडसाचे होईल.

यातून असे दिसते की मानवी हक्कांच्या राजकारणाला दोन अंगे आहेत. सत्तेच्या हातून व्यक्तीच्या देहाचे, स्वातंत्र्याचे आणि प्रतिष्ठेचे रक्षण करणे हे एक अंग. त्या व्यक्तीला कायदा करण्याच्या प्रक्रियेत समान वाटा मिळवून देणे हे दुसरे. सुझमन यांचे कार्य पहिल्या बाबतीत अपवादात्मक दर्जाचे आहे, तर दुसऱ्या बाबतीत ते संकोची आणि विलंबित आहे. त्यांच्या स्थानातील अंतर्विरोधही येथेच आहे. ज्या लक्षावधी लोकांच्या बाजूने त्या बोलत, ते लोक त्यांना मत देऊ शकत नव्हते आणि पदावरून दूरही करू शकत नव्हते. त्यांचे उत्तरदायित्व कायद्याने केवळ हाऊटनच्या गौरवर्णीय मतदारांशी होते. ज्यांच्या वतीने बोलायचे त्यांच्याकडून कधीही जाब विचारला जात नाही, अशा प्रतिनिधित्वाला कितीही सद्‌हेतू असला तरी पालकत्वाची छटा येते. मंडेला यांनी सुझमन यांच्याविषयी कायम कृतज्ञता बाळगली. पण त्यांच्या संघटनेने सशस्त्र लढा आणि निर्बंध यांबाबत सुझमन यांचे मत कधीच स्वीकारले नाही. कृतज्ञता आणि सहमती या भिन्न गोष्टी आहेत.

भारतीय संदर्भ

दक्षिण आफ्रिकेतील वांशिक भेदभावाचा प्रश्न १९४६ साली संयुक्त राष्ट्रांत प्रथम भारताने उपस्थित केला, ही बाब सर्वपरिचित आहे. परंतु सुझमन यांच्या कार्याचा भारतीय अभ्यासकांना दुसराही उपयोग आहे. दोन्ही देशांच्या संसदीय परंपरेचा उगम एकच आहे, आणि त्यामुळे प्रश्न विचारण्याचा अधिकार व कामकाज प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य यांचे परस्परसंबंध येथेही तितकेच महत्त्वाचे आहेत. जून १९७५ मध्ये भारतात आणीबाणी घोषित झाल्यानंतरच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास स्थगित करण्यात आला. संसदेचे कामकाज प्रसिद्ध करणाऱ्या वृत्तपत्रांना संरक्षण देणारा, फिरोज गांधी यांच्या प्रयत्नांतून झालेला १९५६ चा कायदाही त्याच वर्षाच्या अखेरीस वटहुकमाने रद्द झाला. तो १९७७ मध्ये पुन्हा अस्तित्वात आला आणि पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने त्या संरक्षणाला घटनात्मक आधार मिळाला. सुझमन ज्या दोन साधनांवर विसंबून होत्या, नेमकी तीच दोन साधने येथे प्रथम काढून घेतली गेली. विनाचौकशी स्थानबद्धतेच्या काळात सत्तेला भाषणांपेक्षा प्रश्नांची भीती अधिक वाटते, असा निष्कर्ष या साम्यावरून काढता येतो.

समारोप

१९७८ साली सुझमन यांना संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतर १९९४ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी त्या स्वतंत्र निवडणूक आयोगाच्या सदस्य होत्या. नंतर नव्या मानवी हक्क आयोगावरही त्यांनी काम केले. १० डिसेंबर १९९६ रोजी मंडेला यांनी शार्पविल येथे नव्या राज्यघटनेवर स्वाक्षरी केली, त्या प्रसंगी त्या उपस्थित होत्या. नव्या सरकारच्या एड्सविषयक आणि झिंबाब्वेविषयक धोरणांवर टीका करण्यासही त्या कचरल्या नाहीत. १ जानेवारी २००९ रोजी त्यांचे निधन झाले.

नव्या राज्यघटनेने वंश, मालमत्ता वा शिक्षण यांची कोणतीही अट न ठेवता प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताचा अधिकार दिला. हे तत्त्व सुझमन यांच्या पक्षाने उशिरा स्वीकारले होते. त्याच राज्यघटनेने विनाचौकशी स्थानबद्धतेपासून आणि छळापासून मुक्त राहण्याचा हक्क मूलभूत म्हणून मान्य केला. या हक्कासाठी मात्र १९६३ साली संसदेत एकच मत पडले होते, आणि ते सुझमन यांचे होते. त्यांच्या कारकिर्दीचे न्याय्य मूल्यमापन या दोन्ही विधानांना एकत्र ठेवूनच करावे लागेल. अन्याय्य संसदेतील एकाकी आसन मुक्तीचा मार्ग ठरू शकत नाही. परंतु त्या आसनावर बसणारी व्यक्ती नोंद करीत राहिली, प्रश्न विचारीत राहिली आणि तुरुंगाचे दार ठोठावीत राहिली, तर मुक्तीची वाट पाहणाऱ्यांचे जगणे आणि त्यांचा इतिहास या दोहोंचे काही अंशी रक्षण होते.